खारघरची घरगुती मेस : फर्स्ट इयरला आलेल्यांनी पहिल्या आठवड्यातच लावावी अशी

ॲडमिशनचे राऊंड संपत आलेत आणि गावाकडच्या आमच्या सगळ्या ग्रुपवर रोज तोच मेसेज येतोय, खारघरला चांगली मेस आहे का कुठे, मुलगी पहिल्यांदाच एकटी राहणार आहे, मुलाला बाहेरचं पचत नाही, वगैरे वगैरे. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते. उत्सव चौकातून आत चालत दहाएक मिनिटांवर एका रो हाऊसच्या तळमजल्यावर ही मेस आहे. बोर्डावर नाव वगैरे काही नाही, नुसतं 'घरगुती जेवण मिळेल', पण त्या भागात कुठल्याही स्टुडंटला काकूंची मेस कुठे विचारलं की तो हात करून दाखवतो. मी मूळची बार्शीची, इथे शिकायला आले तेव्हापासून इथेच जेवते, आता बेलापूरला जॉब लागला तरी रात्रीची हाफ मेस चालूच आहे, त्यामुळे जे लिहितेय ते दोन-चार दिवस जेवून लिहिलेलं नाही.

आधी जेवणाचं सांगते कारण सगळे तेच विचारतात. दुपारी एक सुकी भाजी, एक रस्सा किंवा उसळ, पोळ्या, वरण नाहीतर आमटी, भात, कोशिंबीर आणि लिंबाची फोड. रात्री पोळी किंवा ज्वारीची भाकरी, मात्र भाकरी हवी असेल तर दुपारीच सांगून ठेवायचं. काकू कराडकडच्या आहेत त्यामुळे आमटीला शेंगदाण्याचं कूट असतं आणि ठेचा रोज असतोच, विदर्भातली पोरं त्यावर खूश असतात आणि रत्नागिरीकडची दोन महिने पाणी पीत जेवतात, मग त्यांनाही सवय होते. स्वयंपाकघर आणि बसायची खोली यांच्यात फक्त कमरेएवढी भिंत आहे, त्यामुळे आत काय चाललंय ते सगळं बसल्या जागेवरून दिसतं. परातीत पिठाचा गोळा, त्यावर तळहात, दुसऱ्या हाताने कडा सावरत भाकरी फिरत फिरत मोठी होत जाते, तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात, पाणी सुकलं की उलटायची आणि शेवटी तवा सरकवून थेट जाळावर. टम्म फुगली की तशीच ताटात. थंड भाकरी वाढलेली मी तरी इथे पाहिली नाही. आपलं जेवण कुठल्या भांड्यात, कुठल्या तेलात आणि कुणाच्या हाताने होतंय हे दिसणं मला फार महत्त्वाचं वाटतं. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेचा, चौदा आकडी रजिस्ट्रेशन नंबरही आत शिरल्याबरोबर उजव्या हाताला लावलेला आहे. तुम्ही दुसरीकडे मेस लावणार असाल तर हा नंबर कुठेय ते विचाराच, विचारायला लाजायचं काही कारण नाही.

कडधान्य इथे रोज असतं, मटकी, चवळी, हरभरा, मूग, आलटून पालटून काहीतरी असतंच. मुलींसाठी मुद्दाम सांगतेय, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २०१९ ते २१ च्या, १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९ टक्के मुलींना ॲनिमिया निघाला होता. म्हणजे वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुली. आणि घर सोडल्यावर मुली नेमकं काय करतात तर सकाळी चहा-बिस्किट, दुपारी सामोसा पाव नाहीतर मॅगी, रात्री भूक नाही म्हणून झोपून टाकतात, आणि मग चक्कर येते, केस गळतात, लेक्चरला डोकं चालत नाही, आणि सगळ्यांना वाटतं अभ्यासाचं टेन्शन आहे. काकू ताटात लिंबू ठेवतात ते चवीपुरतं नाही. मागे इथे नर्सिंगची एक मुलगी जेवायला होती तिने त्यांना समजावून सांगितलं होतं की लिंबामुळे उसळीतलं, पालेभाजीतलं लोह अंगाला जास्त लागतं आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर उलट कमी लागतं. तेव्हापासून काकूंनी दुपारच्या जेवणानंतर चहा द्यायचा बंदच केला, चहा चार नंतर. पोरांनी बरीच कटकट केली पण त्या ऐकल्या नाहीत, आणि मला वाटतं बरं झालं नाही ऐकलं ते.

आता वेळा. नाश्ता पावणेआठ ते नऊ, दुपारचं जेवण बारा ते अडीच, रात्रीचं साडेसात ते पावणेदहा. पावणेदहा म्हणजे पावणेदहाच, शेवटची भाकरी साडेनऊला. नवीन आलेल्या प्रत्येकाला हे जाचक वाटतं कारण घर सुटल्यावर पहिली गोष्ट कुठली मिळते तर कधीही खा, कधीही झोपा, विचारणारं कुणी नाही. पण मी इतक्या बॅच येताना-जाताना पाहिल्यात आणि माझं ठाम मत झालंय की पहिल्या वर्षी मूल सावरतं की विस्कटतं हे सिलॅबसवर फारसं ठरत नाही, जेवणाच्या वेळेवर ठरतं. रात्री आठला जेवलेला माणूस बाराला झोपू शकतो. साडेअकराला ॲपवरून बिर्याणी मागवणारा दोन वाजेपर्यंत जागाच असतो, हातात फोन असतो, रील चालू असतात, सकाळचं आठचं लेक्चर जातं, नाश्ता जातो, अकराला उठून थेट दुपारी दोनला जेवतो आणि मग रात्री परत भूक साडेअकरालाच लागते. असा एक महिना गेला की अटेंडन्स ७५ टक्क्यांच्या खाली आणि नाव डिफॉल्टर लिस्टवर, मग कॉलेजमधून घरी फोन, घरी रडारड, आणि कारण विचारलं तर त्या मुलाला स्वतःलाच सांगता येत नाही की हे नक्की सुरू कुठून झालं.

जागरणासाठी एनर्जी ड्रिंक पिणाऱ्यांचं तर वेगळंच. परीक्षेच्या आठवड्यात रात्री अकराला कॅन फोडतात. कॅफिन शरीरात अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे चारला झोपायला गेलं तरी त्यातलं निम्मं अंगात आहेच, मग कसली झोप लागणार आणि वाचलेलं कसलं लक्षात राहणार. सबमिशनच्या दिवसांत काकू रात्रीचा वरणभात डब्यात भरून देतात, तूप घालून, अभ्यास करत बसणाऱ्यांनी तो खावा आणि एक वाजता झोपावं, हा माझा सल्ला आहे, ज्यांनी ज्यांनी ऐकला त्यांचं एम-वन, म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं गणित, पहिल्या झटक्यात निघालंय असं मी म्हणणार नाही, पण निदान पेपरला बसल्यावर डोळे मिटत नाहीत.

आता या मेसची खरी गोष्ट, वही. दाराशी एका स्टुलावर फुलस्केप वही असते, डाव्या बाजूला नावं, वर तारखा, एकेका दिवसाचे दोन रकाने. जेवायला आलं की काका तुमच्या नावापुढे टिक करतात. खाडा, म्हणजे जेवायला येणार नाही असं, आधी सांगितलं असेल तर तिथे 'ख' लिहिलेलं असतं. आणि खाडा न सांगता सलग दोन वेळा रकाना मोकळा राहिला की काका त्याच्याभोवती लाल पेनाने गोल करतात, आणि तिसऱ्या वेळी फोन जातो. पैशाच्या हिशोबासाठी कुठलीही मेस अशी वही ठेवते, पण लाल गोल करून फोन करणारी मेस मी दुसरी पाहिली नाही.

याचा अर्थ काय ते सांगते. मागच्या पावसाळ्यात जालन्याचा एक मुलगा, फर्स्ट इयर, रूम पार्टनर अजून आलेला नव्हता, सेक्टरमधल्या एका बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर एकटाच. त्याच्या नावापुढे लाल गोल झाला, काकांनी फोन केला, उचलला नाही, परत केला, नाही उचलला. मी तेव्हा जेवतच होते. काका हात पुसून स्कूटर काढून गेले, बरोबर एक सिनिअर मुलगा. तो पोरगा अंगावर चादर घेऊन पडलेला, ताप उतरला होता म्हणून आता बरं वाटेल या आशेवर होता पण पोट दुखत होतं आणि उलट्या थांबत नव्हत्या. डेंग्यू. डेंग्यूत ताप उतरल्यावरचेच एक-दोन दिवस जास्त जपायचे असतात, पोटात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यातून रक्त असलं काही दिसलं की लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं, हे त्याला बिचाऱ्याला कुठून माहीत असणार, घरी असता तर आईने ओळखलं असतं. वेळेत ॲडमिट झाला, सलाईन लागलं, आई-वडील जालन्याहून येईपर्यंत रात्रभर तो सिनिअर आणि काका आळीपाळीने बसले होते. परत आल्यावर आठवडाभर काकूंनी त्याला अळणी रस्सा आणि मऊ भात दिला, त्याचे वेगळे पैसे लावले नाहीत. मुलांना एकटं पाठवणाऱ्या आई-वडिलांना माझं कळकळीचं सांगणं आहे, रूम बघताना फर्निचर आणि वायफाय बघता तसं हेही बघा की तुमचं मूल दोन दिवस दिसलं नाही तर ते कुणाच्या लक्षात येणार आहे.

एकटेपणाचं पण तसंच. पहिले पंधरा दिवस नवीन मुलं ओळखू येतात, भिंतीकडच्या खुर्चीवर बसतात, फोन ग्लासाला टेकवून ठेवतात आणि कुणाशी न बोलता जेवून निघून जातात. इथे टेबलं लांब आहेत, दोघांची-चौघांची नाहीत, त्यामुळे शेजारी कुणीतरी बसतंच. शिवाय काकूंची पद्धत अशी की वाढताना आधी गाव विचारायचं आणि मग तिकडूनच ओरडायचं, अरे ही परळीची आहे, तुमच्याकडची, तिला जरा कॉलेजचं सांगा. परळीच्या मुलीला अंबाजोगाईचा दादा भेटतो, ड्रॉइंगचा ड्राफ्टर कुणाकडून सेकंडहँड घ्यायचा, कुठल्या लॅबला जर्नल वेळेत चेक करून घ्यावं लागतं, खारघर स्टेशनवरून शेअर रिक्षा कुठे मिळते, रेल्वे पासच्या कन्सेशनचा फॉर्म कॉलेजच्या ऑफिसमध्ये कधी मिळतो, हे सगळं ताटावर बसून कळतं. मराठी मीडियममधून आलेल्यांना वर्गात इंग्लिशमध्ये शंका विचारायची भीती वाटते, ती पोरं इथे बसून सिनिअरकडून मराठीत समजून घेतात. मी स्वतः थर्मोडायनॅमिक्सचे दोन चॅप्टर इथल्या टेबलावर शिकलेय आणि नंतर कितीतरी जणांना शिकवलेत.

हात धुवायच्या बेसिनच्या वर एक कागद लॅमिनेट करून लावलाय, त्यावर दोन नंबर आहेत. एक टेली मानसचा, १४४१६, मन थाऱ्यावर नसेल तर कुठल्याही वेळी फोन करता येतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, सरकारने २०२२ मध्ये सुरू केलाय. दुसरा अँटी रॅगिंगचा, १८००-१८०-५५२२, हाही चोवीस तास. तिथे लावलाय कारण बेसिनपाशी प्रत्येकजण एकटाच उभा असतो, कुणी बघतंय असं न वाटता नंबर टिपून घेता येतो. ही कल्पना सायकॉलॉजीच्या एका मुलीची.

पैशाचं बोलू. फुल मेस म्हणजे दोन वेळचं जेवण महिन्याला ४,२००, हाफ मेस २,३००, नाश्ता लावायचा असेल तर वेगळा. रविवारी रात्री मेस बंद असते, ते वगळून महिन्याला साधारण ५६ जेवणं धरली तर ४,२०० भागिले छप्पन्न, म्हणजे एका जेवणाला ७५ रुपये पडतात. ॲपवरून साधी व्हेज थाळी मागवून बघा, डिलिव्हरी, पॅकिंग, प्लॅटफॉर्म फी सगळं धरून कितीला पडते ते. पैसे एक तारखेला ॲडव्हान्स द्यायचे असतात आणि मला ही पद्धत बरोबर वाटते, कारण घरून पैसे आले की पहिल्या आठवड्यात मॉल, मूव्ही, कोल्ड कॉफी, ग्रुपमध्ये कुणाचा तरी बर्थडे आणि यूपीआयवर गेलेले पैसे गेल्यासारखे वाटतच नाहीत, वीस तारखेला अकाउंटला दोनशे रुपये उरतात. जेवण आधीच भरलेलं असलं की निदान पोट महिनाअखेरपर्यंत सुरक्षित.

तरी सगळ्यांना ४,२०० परवडत नाहीत हेही खरं आहे. २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीतल्या, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या मुलींना प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी माफ झाली, ते फार चांगलं झालं, पण खोलीचं भाडं आणि दोन वेळचं जेवण त्यात येत नाही, आणि नवी मुंबईत तेच तर जड जातं. एससी आणि नवबौद्ध मुलांना सरकारी हॉस्टेल मिळालं नाही तर स्वाधार योजनेतून आपल्याकडे, मुंबई-ठाणे-नवी मुंबई-पुण्यात, वर्षाला ६०,००० मिळतात, त्यातले ३२,००० जेवणाचे धरलेले आहेत. दहा महिन्यांचं कॉलेज धरलं तरी महिन्याला ३,२०० होतात, म्हणजे या मेसचेसुद्धा पूर्ण निघत नाहीत, आणि इथे दर बऱ्यापैकी कमी आहे तरी. ही रक्कम वाढायला हवी असं मला मनापासून वाटतं. शिवाय हप्ता वेळेवर येत नाही. अशा मुलांसाठी काकू थांबतात, वहीत मागच्या पानावर लिहून ठेवतात, सगळ्यांसमोर कधी विचारत नाहीत. ओबीसी मुलांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आणि आदिवासी मुलांसाठी स्वयंम योजना आहे, ज्यांना लागू होतात त्यांनी पहिल्याच महिन्यात फॉर्म भरा, कागदपत्रं गोळा करण्यातच खूप वेळ जातो.

आता जे पटत नाही ते. खाड्याचा नियम. सलग तीन दिवस गैरहजर असाल तरच पैसे वजा होतात आणि तेही आदल्या रात्रीपर्यंत सांगितलं असेल तर. शनिवार-रविवार घरी जाणाऱ्या नाशिक-पुण्याच्या मुलांचे दर महिन्याला फुकट पैसे जातात. मी काकूंशी यावर बोललेय, त्यांचं म्हणणं दोन दिवसांचा खाडा दिला तर शनिवारी निम्मी मेस रिकामी आणि भाजी वाया, त्यांची अडचण मला समजते, पण निदान महिन्यातून एकदा दोन दिवसांचा खाडा धरायला हवा. दुसरं, रविवारी रात्री मेस बंद. दुपारी फीस्ट असते, चिकन रस्सा किंवा पनीर, एक गोड, दाबून जेवण होतं, पण रात्री सगळे बाहेर खातात आणि सोमवारी निम्म्यांची पोटं बिघडलेली. भात-पिठलं एवढं जरी ठेवलं तरी चालेल. तिसरं, सव्वा ते पावणेदोन भयंकर गर्दी, ताट हातात घेऊन उभं राहावं लागतं आणि खोलीत दोनच पंखे, एप्रिल-मेमध्ये घामाच्या धारा. ज्यांची दुपारची सुट्टी फक्त अर्ध्या तासाची आहे त्यांनी दुपारचा डबाच लावावा, डबा मिळतो, फक्त स्वतः न्यावा लागतो. जैन जेवण मिळत नाही. मच्छी नाही. महिनाअखेरीला आमटी जरा पातळ होते, तेवढं मी चालवून घेते.

मुलींसाठी अजून एक, रात्री साडेनऊला निघालं तरी चौकापर्यंतचा रस्ता उजेडाचा आणि वर्दळीचा आहे, आणि बहुतेक पीजींचं गेट दहाला बंद होतं तेव्हा वेळेत पोचता येतं. पावसात मात्र आतल्या गल्लीत घोट्यापर्यंत पाणी साचतं, सॅंडल घालून जा, बूट खराब होतात. बेलापूरकडून किंवा तळोज्याकडून येणाऱ्यांना उत्सव चौकाचं मेट्रो स्टेशन सोयीचं पडतं.

मेस लावायची तर आधी एक दिवस कूपनवर जेवून बघा, ८० रुपयांना मिळतं, जमलं तर बुधवारी जा, त्या दिवशी अंडा करी आणि शेवभाजी दोन्ही असतात. डिपॉझिट पाचशे, सोडताना परत मिळतं, मला मैत्रिणीचं मिळालेलं माहितीये. जागा साधारण गणपतीपर्यंत भरतात, मग वेटिंग लागतं. जाताना आधार कार्डची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि घरच्या एका माणसाचा नंबर लागतो, तो नंबर वहीत तुमच्या नावापुढेच लिहितात, तेव्हा जो फोन नक्की उचलतो त्याचाच द्या.